उकिरड्याची दैना

उकिरड्याची दैनाही बारा वर्षांनीं फिटते, अशी आपल्याकडे म्हण आहे. ज्याला कोणी विचारीत नाहीं त्याचेंही भाग्य केव्हां तरी उघडतें, एवढाच तिचा आशय. परंतु शेतीच्या इतिहासांत ही म्हण अक्षरशः खरी झाल्याचें एक उदाहरण आहे, आणि तें घडलें होळकरांच्या इंदुरास. सेंद्रिय शेती, रासायनिक खतें आणि जनुकीय बदल केलेलीं बियाणीं यांविषयीं आज सुशिक्षित घरांतून मोठ्या हिरिरीनें वाद चालतो. एक पक्ष म्हणतो, निसर्गाकडे परत चला. दुसरा म्हणतो, विज्ञानाची कास सोडूं नका. या वादाचें एक मूळ माळव्याच्या काळ्या मातींत आहे, याची जाणीव मात्र दोन्ही पक्षांत क्वचितच आढळते. तेथील हकीकत पाहिली म्हणजे निसर्ग आणि विज्ञान ही विभागणीच संशयास्पद वाटूं लागते. सेंद्रिय शेतीचा आद्य पुरस्कर्ता म्हणून ज्याला गौरविलें जातें तो मनुष्य व्यवसायानें वनस्पतिशास्त्रज्ञ होता. त्याची कीर्ति प्रथम झाली ती सुधारलेल्या बियाण्यामुळें. आणि त्याचें खत तयार होई तें रसायनशाळेच्या देखरेखीखालीं. मग या प्रश्नाचे दोन पंथ कसे झाले, आणि त्या भरांत मूळचा प्रश्न कोठें हरवला, याचा शोध घेण्याचें प्रस्तुत लेखांत योजिलें आहे.

वादाचा आरंभ १८४० सालापासून धरण्यास हरकत नाहीं. त्या वर्षीं यूस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाचा शेतीच्या रसायनाविषयींचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. तोंपर्यंत युरोपांतील अनेक विद्वानांची अशी समजूत होती कीं, जमिनींतील कुजलेला काळा अंश, ज्याला ह्यूमस म्हणतात, तोच वनस्पतीचें मुख्य अन्न होय. लीबिगनें प्रतिपादन केलें कीं, वनस्पतीला कर्ब हवेंतून मिळतो. जमिनींतून तिला हवीं असतात तीं खनिज द्रव्यें. पीक काढून नेलें म्हणजे हीं द्रव्यें शेतांतून जातात, आणि तीं परत केलीं नाहींत तर जमीन दरिद्री होत जाते. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. रासायनिक खतांचा जनक म्हणून ज्याचें नांव घेतात त्याचा मूळ सिद्धान्त परतफेडीचा होता. शहरांतील मैला नद्यांत सोडून देऊन युरोपांतील राष्ट्रें आपल्याच जमिनीची लूट करीत आहेत, असें तो उत्तरायुष्यांत कळकळीनें सांगत असे.

त्याच सुमारास इंग्लंडांत जॉन बेनेट लॉज या जमीनदारानें हाडें व खनिज फॉस्फेट यांवर गंधकाम्लाची क्रिया करून खत बनविण्याचें पेटंट १८४२ सालीं घेतलें, आणि पुढच्याच वर्षीं हेन्री गिल्बर्ट या रसायनज्ञाच्या साह्यानें रॉथमस्टेड येथील आपल्या शेतावर प्रयोग सुरू केले. तेथील ब्रॉडबॉक नांवाच्या शेतांत गव्हाचे तुकडे पाडून कोठें शेणखत, कोठें निरनिराळीं क्षारखतें, कोठें कांहींच नाहीं, असा क्रम चालू झाला, आणि तो आजतागाईत चालू आहे. योग्य प्रमाणांत क्षारखत घातलेला गहू शेणखतावरील गव्हाच्या तोडीस तोड उतरतो, हें तेथें निर्विवाद दिसून आलें. शेणखताच्या तुकड्यांतील मातींत सेंद्रिय अंश जसा वाढत गेला तसा तो नुसत्या क्षारांच्या तुकड्यांत वाढला नाहीं, हेंही तेथेंच दिसलें. म्हणजे दोन्ही पक्षांना लागणारा पुरावा एकाच शेतांत होता. परंतु बाजाराला पहिली गोष्ट उपयोगाची होती, दुसरी नव्हती. पुढें १९०९ सालीं फ्रिट्झ हाबरनें हवेंतील नत्रवायूपासून अमोनिया तयार करून दाखविला आणि कार्ल बॉश यानें त्याचा कारखाना १९१३ सालीं जर्मनींत ओपाउ येथें उभा केला. पहिल्या महायुद्धांत हा नत्र दारूगोळ्याच्या कामीं आला. युद्ध संपल्यावर त्याला शेतीचें गिऱ्हाईक शोधणें भाग होतें.

इकडे हिंदुस्थानांत काय स्थिति होती? विलायत सरकारनें येथील शेतीच्या सुधारणेचा विचार करण्यासाठीं जॉन ऑगस्टस व्होल्कर या शेतकी रसायनज्ञास १८८९ सालीं पाठविलें. हा मनुष्य येथील शेतकऱ्यास नांवें ठेवील अशी पुष्कळांची अपेक्षा असावी. परंतु १८९३ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अहवालांत हिंदी शेतकरी हा सामान्य इंग्रज शेतकऱ्याच्या तोडीचा, कांहीं बाबतींत त्याहून सरस, असा अभिप्राय आहे. जमिनीला खत कां मिळत नाहीं याचें जें कारण त्यानें सांगितलें तें अज्ञानाचें नव्हतें. शेतकरी शेण जाळतो तें त्याला खताचें महत्त्व कळत नाहीं म्हणून नव्हे. सरपणाला लांकूड नाहीं म्हणून. सबब सरकारनें गांवोगांव सरपण व चारा यांसाठीं राखीव रानें करावींत, अशी त्याची शिफारस होती.

व्होल्करच्या आधीं सुमारें दहा वर्षें हीच व्यथा पुण्यांतील एका पुरुषानें मराठींत मांडली होती. जोतीराव फुले यांनीं १८८३ सालीं लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथांत, जंगल खात्यानें गायरानें बळकाविल्यामुळें शेतकऱ्याची जनावरें कशीं नाहींशीं झालीं, तें सांगितलें आहे. त्याबरोबरच डोंगरउतारावर ताली व बंधारे असे घालावे कीं, पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जाणारा पालापाचोळा व मेलेल्या जीवजंतूंचा अंश शेतांतच मुरेल, असा उपायही सुचविला आहे. जमिनीच्या कसाचा प्रश्न हा केवळ रसायनाचा नसून रान, गुरें, पाणी व राज्यकर्ते यांच्याशीं गुंतलेला आहे, हें त्यांनीं ओळखलें होतें.

या पार्श्वभूमीवर आल्बर्ट हॉवर्डचें आगमन पाहावें. त्याचा जन्म १८७३ सालीं श्रॉपशायरमधील एका शेतकरी कुटुंबांत झाला. केंब्रिज येथें शिक्षण घेऊन, वेस्ट इंडीज बेटांत उसाच्या रोगांवर कांहीं काळ काम करून, तो १९०५ सालीं बिहारांतील पुसा येथें नव्यानें निघालेल्या सरकारी शेतकी संशोधन संस्थेंत वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाला. त्याची पत्नी गॅब्रिएल ही स्वतः वनस्पतिशास्त्राची उत्तम अभ्यासक होती, आणि पुढें त्याच खात्यांत तिलाही अधिकाराची जागा मिळाली. या जोडप्यानें निवड व संकर करून गव्हाच्या ज्या जाती तयार केल्या त्या 'पुसा' या नांवानें उत्तर हिंदुस्थानांत दूरवर पसरल्या. बियाण्याच्या सुधारणेचा तिटकारा करणारा हा मनुष्य नव्हता, हें आजच्या वादांत भाग घेणाऱ्या दोन्ही पक्षांनीं लक्षांत ठेवावें.

पुसा येथेंच त्याला एक गोष्ट खटकूं लागली. संशोधन संस्थेचे तुकडे पडले होते. बियाणें एकाकडे, कीड दुसऱ्याकडे, माती तिसऱ्याकडे. शेतांत मात्र हीं तिन्ही एकत्र नांदतात. त्यानें सुमारें ७५ एकर जमीन मागून घेतली आणि आसपासच्या शेतकऱ्यांच्या पद्धतीचें बारकाईनें निरीक्षण सुरू केलें. शेतकरी आणि किडी हे आपले गुरु, असें तो म्हणत असे. कीड ही पिकाच्या अपप्रकृतीची खूण आहे. तिला मारण्यापूर्वीं ती कां आली तें विचारावें, असा त्याचा ग्रह होत गेला. नुसतें उत्तम बीं देऊन भागत नाहीं, जमिनीची प्रकृति सुधारल्यावांचून त्या बियाण्याचा गुण पुरता उतरत नाहीं, हाही अनुभव त्याला आला. त्याला स्वतंत्र संस्था हवी होती. ती मिळाली इंदुरास.

इंदूरची 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री' १९२४ सालीं निघाली. होळकर दरबारानें सुमारें ३०० एकर जमीन दिली. मध्यवर्ती कापूस समितीनें आणि मध्य हिंदुस्थानांतील संस्थानांनीं खर्चाचा भार उचलला. संस्थेचा उद्देश होता कापसाची सुधारणा; परंतु हॉवर्डनें कापसाआधीं मातीला हात घातला. जमीन काळी, उन्हाळ्यांत भेगाळणारी व पावसाळ्यांत तुंबणारी. तिला निचरा दिला, बांध घातले, आणि मग खताचा प्रश्न हातीं घेतला. शेण थोडें, त्यांतलें निम्मेंशिम्में चुलींत जाणार. मग उरलें काय? उरला केर : कडबा, गवत, तण, पाला, उसाचें पाचट आणि कापसाच्या पऱ्हाट्या. चीनमधील शेतकरी असा केर कुजवून हजारों वर्षें जमिनीचा कस टिकवीत आले आहेत, हें अमेरिकन शेतकी तज्ज्ञ किंग यानें १९११ सालच्या आपल्या ग्रंथांत लिहून ठेविलें होतें, आणि तो ग्रंथ हॉवर्डनें मनन करून वाचला होता.

केर कुजवावा हें सांगण्यास शास्त्रज्ञ कशाला हवा, असें कोणी विचारील. उकिरडा आपल्या प्रत्येक खेड्यांत होताच. परंतु कच्चा केर तसाच जमिनींत गाडला तर तो कुजविणारे सूक्ष्म जीव आपल्या पोषणासाठीं मातींतलाच नत्र ओढून घेतात आणि पीक पिवळें पडतें. आणि उघड्यावर वर्षभर पडलेल्या उकिरड्यांतील नत्राचा मोठा भाग हवेंत उडून जातो व पावसानें वाहून जातो. म्हणजे केराचें खत व्हावें कसें, हा प्रश्न हवा, ओलावा, आम्लता आणि कर्ब-नत्राचें प्रमाण यांचा होता. ही रसायनाची बाजू इंदुरास यशवंत वाड यांच्याकडे होती. ते संस्थेंतील रसायनशाखेचे प्रमुख साहाय्यक होते. नांवावरून महाराष्ट्रीय वाटणाऱ्या या गृहस्थांचा उल्लेख आज सेंद्रिय शेतीचे अभिमानीही फारसा करीत नाहींत. परंतु या पद्धतीचा जो मूळ ग्रंथ १९३१ सालीं ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसनें प्रसिद्ध केला, त्याच्या मुखपृष्ठावर लेखक म्हणून हॉवर्डच्या जोडीला वाड यांचें नांव आहे.

पद्धति अशी. ३० फूट लांब व १४ फूट रुंद असे उथळ खड्डे घ्यावयाचे. पऱ्हाट्यांसारखीं टणक काटकें आधीं गाडीवाटेवर पसरून ठेवावयाचीं, म्हणजे चाकांखालीं चिरडून तीं मऊ होतात. गोठ्यांत बैलांच्या पायांखालीं माती अंथरावयाची. तिच्यांत मूत्र जिरतें, आणि जें द्रव्य सामान्यतः वाया जातें तेंच नत्राचा मुख्य ठेवा बनतें. मग केर, शेण, मूत्राची माती व चुलींतली राख यांचे थर रचून पाणी शिंपडावयाचें. ढीग तापूं लागतो. आंतील उष्णता साठ अंशांच्यावर चढते, आणि तणांचें बीं व किडींचीं अंडीं-अळ्या त्यांत बहुतांशीं नाश पावतात. ढीग तीन वेळां उलथून हवा द्यावयाची. सुमारें तीन महिन्यांत खत तयार. आरंभीं कर्ब व नत्र यांचें प्रमाण तेहतीसास एक, अखेरीस दहास एक, म्हणजे जवळजवळ सुपीक मातींतील ह्यूमससारखें. यांत विकत आणण्याची वस्तु एकही नाहीं. परंतु मजुरी आहे, पाणी आहे, गुरें आहेत आणि रोजची देखरेख आहे. हा खर्च त्या ग्रंथांत लपविलेला नाहीं. इंदूरच्या या कामाचा खरा विशेष येथें आहे. शेतकऱ्याच्या परंपरेला मान देऊन तिचें मोजमाप घेतलें, आणि त्या मोजमापांतून जें निघालें तें पुन्हां शेतकऱ्याच्या हातीं दिलें.

पद्धति लौकरच दूर गेली. आसाम-बंगालचे चहाचे मळे, केनियांतील कॉफीचे मळे यांनीं ती उचलली. महात्मा गांधींनीं १९३५ सालीं इंदुरास जाऊन ती पाहिली. बंगलोर येथें आचार्य यांनीं १९३९ सालीं शहरांतील केरकचरा व मैला यांसाठीं तिच्या जोडीची नवी रीत बसविली. पुढें यवतमाळ जिल्ह्यांतील पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांनीं थोडें शेण व पुष्कळ केर यांतून खत करण्याची जी रीत काढली ती त्यांच्या नांवाच्या आद्याक्षरांवरून 'नाडेप' म्हणून ओळखली जाते. उकिरड्याची दैना खरोखरच फिटली होती.

यानंतर मात्र प्रकरणाला निराळें वळण लागलें. गॅब्रिएलचें १९३० सालीं निधन झालें आणि पुढच्या वर्षीं हॉवर्ड इंग्लंडास परत गेला. तेथें शेतकी खातें आणि खतांचे कारखानदार यांच्या हातांत हात होते. इंदूरच्या प्रयोगाला विद्वत्सभांत थंडें स्वागत मिळालें. हॉवर्डच्या वाणीला धार चढली. १९४० सालच्या त्याच्या 'अॅन अॅग्रिकल्चरल टेस्टामेंट' या ग्रंथांत शास्त्रज्ञाबरोबर उपदेशकही बोलूं लागलेला दिसतो. ह्यूमसनें संपन्न अशा जमिनींतील पिकांना व त्यांवर पोसलेल्या गुरांना रोग होत नाहीं, आपले बैल लाळरोगाच्या जनावरांशीं नाकाला नाक लावूनही निरोगी राहिले, असें तो सांगे. निरीक्षण म्हणून हें मोलाचें असेल. परंतु शेजारीं तुलनेचा दुसरा गोठा ठेवून तपासलेलें नसल्यामुळें तें सिद्ध झालें असें म्हणतां येत नाहीं. ज्या वाडांच्या तराजूवर इंदूरचें काम उभें होतें तो तराजू येथें बाजूला पडला.

त्याच वर्षीं लॉर्ड नॉर्थबोर्न यानें आपल्या ग्रंथांत 'ऑर्गॅनिक' शेती हा शब्द प्रचारांत आणला. शेत हा एक सजीव देह आहे, असा त्याचा मूळ अर्थ होता. ईव्ह बॅल्फोर या बाईनें हॉले येथें दोन्ही पद्धतींची तुलना करण्याचा मोठा उपक्रम १९३९ सालीं आरंभिला, १९४३ सालीं ग्रंथ लिहिला, आणि १९४६ सालीं 'सॉइल असोसिएशन' ही संस्था निघाली. हॉलेचा प्रयोग अनेक वर्षें चालला. पण त्याच्या फलितानें कोणत्याही पक्षाचें तोंड बंद झालें नाहीं. हॉवर्ड १९४७ सालीं वारला तेव्हां एका बाजूस कारखाने व सरकारी खातीं आणि दुसऱ्या बाजूस श्रद्धाळू मंडळींचा मेळा, अशी फळी पडली होती. मोजून पाहणारा मनुष्य मधल्यामध्यें एकटा पडला.

आतां दुसऱ्या पक्षाची बाजूही न्यायानें पाहिली पाहिजे. हॉवर्ड इंग्लंडांत ग्रंथ लिहीत होता त्याच दशकांत, १९४३ सालीं, बंगालांत दुष्काळ पडून लाखों माणसें अन्नान्न करून मेलीं. त्या दुष्काळाचीं कारणें केवळ शेतींत नव्हतीं हें खरें. परंतु स्वतंत्र भारताच्या कर्त्या पुरुषांच्या मनांतून ती आठवण गेली नाहीं. १९६५ व १९६६ सालीं लागोपाठ पाऊस फसला आणि देश अमेरिकेंतून येणाऱ्या गव्हाच्या जहाजांकडे डोळे लावून बसला. जुनी उंच वाढणारी गव्हाची जात जास्त नत्र घातला कीं लोळते. बुटक्या जातीचा गहू तो पचवून दाणा भरतो. नॉर्मन बोरलॉगनें मेक्सिकोंत तयार केलेल्या अशा बुटक्या गव्हाचें १८,००० टन बीं १९६६ सालीं भारतानें आणविलें. सी. सुब्रह्मण्यम् यांची धडाडी व एम्. एस्. स्वामिनाथन् यांचें शास्त्र यांची जोड मिळाली. १९६४-६५ सालीं गव्हाचें उत्पन्न सुमारें सव्वा कोटी टन होतें. पांच वर्षांत तें दोन कोटींवर गेलें. त्या घटकेला देशाच्या गरजेइतका नत्र नुसत्या केराच्या ढिगांतून निघाला असता असें म्हणण्यास धाडस लागेल. ढिगाला केर पाहिजे, केराला पीक पाहिजे, आणि पिकाला पुन्हां नत्रच पाहिजे.

परंतु या यशाच्या शिल्पकारानेंच धोक्याची घंटा वाजविली होती, हें आपण विसरतों. १९६८ च्या जानेवारींत वाराणसी येथें भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेंत स्वामिनाथन् यांनीं स्पष्ट बजाविलें कीं, जमिनीचा कस न राखतां केलेली कसून शेती अखेरीस वाळवंट निर्माण करील, आणि भूजलाचा बेसुमार उपसा व औषधांचा अविचारी फवारा यांचे परिणामही घातक होतील. पंजाबांत पाण्याची पातळी खालीं गेली. स्वस्त युरियाचा मारा वाढून इतर द्रव्यांचा समतोल ढळला. इशारा खरा ठरला. पण तो रासायनिक पक्षाला गैरसोयीचा, आणि सेंद्रिय पक्षाला तो हरितक्रांतीच्या पुरस्कर्त्याचा म्हणून नकोसा. असा तो दोघांनींही टाकला.

येथून हा इतिहास पुन्हां काळ्या मातीकडे व कापसाकडे वळतो; कारण जनुकीय बदलाच्या बियाण्यानें आपल्या देशांत पाऊल ठेविलें तें कापसाच्याच शेतांत. १९७० सालीं सुरत येथें 'एच-४' हा कापसाचा पहिला व्यापारी संकर तयार झाला. संकराचें बीं पुढच्या वर्षीं राखून उपयोगीं पडत नाहीं. तें दरसाल विकत घ्यावें लागतें. कापूसवाला शेतकरी बाजाराशीं बांधला गेला तो येथें, जनुकांच्या आधीं तीस वर्षें. २००२ च्या मार्चमध्यें जालन्याच्या महिको कंपनीच्या बीटी कापसास सरकारची मान्यता मिळाली. मातींतल्या एका जंतूचें जनुक या झाडांत घातलेलें असल्यामुळें झाड स्वतःच बोंडअळीला मारक असें प्रथिन तयार करतें. २००२-०३ सालीं देशांत सुमारें १३६ लाख गाठी कापूस झाला. २०१३-१४ सालीं तो ३९८ लाख गाठींच्या घरांत गेला. या वाढीचें सर्व श्रेय बीटीचें नाहीं, पाणी, खत व नवें क्षेत्र यांचाही वांटा आहे. परंतु शेतकऱ्यानें हें बीं कोणाच्या भुरळीनें घेतलें असें म्हणणें त्याच्या बुद्धीचा अपमान करणें होय. पहिल्या वर्षांत त्याची फवारणी खरोखरच वांचली.

पुढें काय झालें तें विदर्भाला विचारावें. शेंदरी बोंडअळी ही मुख्यतः कापसावरच जगणारी. सगळीकडे एकच विष, सोबत बिगर-बीटीच्या ओळी लावण्याचा नियम कागदावर, आणि हंगाम लांबवीत नेणारे संकर. अशा स्थितींत जी थोडी अळी वांचली तिचीच प्रजा वाढली. आधीं गुजरातेंत एका जनुकाचा, मग दोन जनुकांचा कापूसही तिनें पचविला. २०१७ सालीं महाराष्ट्रांत तिनें हाहाकार उडविला. त्याच हंगामांत यवतमाळ जिल्ह्यांत छातीएवढ्या कापसांत औषधांचीं मिश्रणें फवारतांना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. ज्या बियाण्यानें फवारणी वांचावयाची त्याच्याच शेतांत हें घडलें.

आणि या अळीवर कृषितज्ज्ञ आज जे उपाय सांगतात त्यांतील एक ऐकून इंदूरची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. फरदड घेऊं नका. वेंचणी संपतांच पऱ्हाट्या उपटा, बारीक करून त्यांचें खत करा. कारण अळी उरलेल्या बोंडांत दडून पुढच्या हंगामाची वाट पाहते. चाकांखालीं चिरडलेल्या पऱ्हाट्या आणि साठ अंशांवर तापणारा ढीग! नव्वद वर्षांपूर्वींच्या प्रयोगाची गरज सर्वांत आधुनिक बियाण्याला पडावी, यांत सेंद्रिय पक्षाचा विजय किंवा विज्ञानाचा पराभव पाहण्याचें कारण नाहीं. जनुकांतलें शास्त्र आणि ढिगांतलें शास्त्र हीं एकाच शेताचीं दोन अंगें आहेत. आपण त्यांचीं दोन मतें केलीं, म्हणून एकाला दुसऱ्याचा उपयोग झाला नाहीं.

मतें बनलीं म्हणजे हुकूमही निघतात. श्रीलंकेच्या सरकारनें २०२१ च्या उन्हाळ्यांत रासायनिक खतांची आयात एकाएकीं बंद करून सर्व देश सेंद्रिय करण्याचें ठरविलें. शेतकऱ्यांजवळ पुरेसें खत नव्हतें, तयारीला वेळ नव्हता. भात व चहा दोन्ही घसरले, आणि वर्ष सरण्यापूर्वींच हुकूम मागें घ्यावा लागला. उलट सिक्कीमनें २००३ सालीं संकल्प करून, पायरीपायरीनें चालत, २०१६ सालीं आपण पूर्ण सेंद्रिय झाल्याचें जाहीर केलें. आणि तें राज्यही लहान, डोंगराळ व आधींपासून खतें कमी वापरणारें होतें. दुसरीकडे, बीटी वांग्याला तज्ज्ञ समितीनें २००९ सालीं दिलेली मान्यता मंत्री जयराम रमेश यांनीं २०१० च्या फेब्रुवारींत स्थगित केली. शेजारच्या बांगलादेशानें तेंच वांगें २०१३ सालीं स्वीकारलें. मोहरीच्या अशाच संकराला २०२२ सालीं परवानगी मिळाली, आणि २०२४ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचें तींवर एकमत झालें नाहीं. पिकाचा निर्णय शेतांतून निघून कचेरींत आणि न्यायालयांत गेला आहे.

विदर्भांतच या वादाचीं दोन्ही टोकें एकमेकांजवळ उभीं आहेत. अमरावती जिल्ह्यांतील सुभाष पाळेकर यांनीं विकतचें कांहींही न आणतां देशी गाईच्या शेणमूत्रावर शेती करण्याचा मार्ग सांगितला. २०१६ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. अकोला जिल्ह्यांतील अकोट येथें २०१९ सालीं शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनीं मान्यता नसलेलें तणनाशक-सहिष्णु बीटी बियाणें जाहीरपणें पेरून कायदा मोडला. एकाला बाजारापासून सुटका पाहिजे, दुसऱ्याला सरकारपासून. परंतु दोघांच्या मागें उभा असलेला शेतकरी एकच आहे, आणि त्याची तक्रारही एकच आहे : खर्च माझा, जोखीम माझी, आणि निर्णय मात्र दुसऱ्याचा.

आमच्या मतें या सर्व इतिहासाचें सार येथें आहे. लीबिगपासून पाळेकरांपर्यंत जो जो मनुष्य या विषयावर गंभीरपणें बोलला, त्यानें कोणत्या ना कोणत्या रूपांत परतफेडीचा प्रश्न विचारला. घेतलें तें जमिनीला परत मिळालें काय? परत करण्याचें साधन शेतकऱ्याच्या अंगणांत आहे कीं दुकानांत? आणि हिशेब चुकला तर भरणार कोण? गोणींतला युरिया, जनुक घातलेलें बीं व शेणाचा ढीग यांपैकीं प्रत्येकाला हे प्रश्न विचारतां येतात, आणि प्रत्येकाचें उत्तर शेत, पीक व वर्ष यांप्रमाणें निराळें येतें. एकदांच उत्तर देऊन मोकळें होण्याची सोय यांत नाहीं. म्हणूनच पंथ लोकप्रिय होतात आणि हिशेबाची वही मागें पडते.

शहरांतील वाचकासही या वहींत एक खातें आहे. दामदुप्पट देऊन आणलेली सेंद्रिय भाजी निवडून झाल्यावर तिचीं देठें व सालें कोठें जातात? पुणें शहराचा कचरा वर्षानुवर्षें उरुळी देवाची व फुरसुंगी या गांवांच्या शिवारांत नेऊन टाकला गेला, आणि तेथील ग्रामस्थांना घाणीविरुद्ध पुन्हां पुन्हां आंदोलनें करावीं लागलीं. खेड्यानें अन्न पाठवावें आणि शहरानें त्याच्या मोबदल्यांत घाण पाठवावी, या व्यवहाराला लीबिगनें लूट म्हटलें होतें. इंदुरास वाड यांनीं ज्या केराचा नत्र तोळामाशानें मोजला, तोच केर आज आपल्या प्रत्येकाच्या स्वयंपाकघरांतून रोज निघतो. सेंद्रिय कीं रासायनिक या वादांत आपला पक्ष निवडण्यापूर्वीं प्रत्येकानें त्याची वाट कोठवर जाते तें एकदां पाहून यावें. त्या वाटेच्या शेवटीं अजूनही कोणाचें तरी शेत आहे.